केळ्याचा वास आणि माझा जबडा

मी झोपेत दात खातो हे मला बायकोच्या मोबाइलमधून कळलं. बोईसरच्या आमच्या भाड्याच्या खोलीत सकाळचा चहा चालला होता. तिने मोबाइल बशीशेजारी ठेवला, आवाज मोठा केला आणि म्हणाली, "ऐका जरा." आधी नुसती पंख्याची घरघर आली. मग त्या घरघरीवर दुसराच एक आवाज चढला. पाट्यावर खडेमीठ वाटल्यासारखा. मध्येच थांबायचा, आणि आता संपला म्हणेपर्यंत पुन्हा सुरू व्हायचा.

"खालच्या पंपाचं बेअरिंग गेलंय काय?" मी विचारलं.

"हे तुम्ही आहात," ती म्हणाली.

मला हसू आलं. तिला आलं नाही. तिने मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला आणि चहाचा कप तसाच ठेवून पालघरची शटल गाडी पकडायला निघाली.

माझी बायको पालघरला एका लॅबमध्ये रक्त काढण्याचं काम करते. सकाळी उपाशीपोटी आलेल्या लोकांची रांग लागायच्या आत तिला तिथे पोचावं लागतं. तिचा हात हलका आहे. तान्ही मुलं, वारंवार सुया टोचून नसा बसलेले आजारी लोक, खूप जाडी माणसं, असं कुणी आलं की लॅबमधल्या बाकीच्या पोरी तिला हाक मारतात. पालघरच्या बाजारात तिच्याबरोबर फिरताना अनोळखी माणसं तिला नमस्कार करतात, आणि ती पुढे गेल्यावर मला हळूच सांगते, "यांची नस अंगठ्याकडे सापडते." चेहऱ्यांपेक्षा तिला हात जास्त लक्षात राहतात.

त्या दिवशी संध्याकाळी ती आली आणि चप्पल न काढता उंबऱ्यावरच बसली. एका म्हाताऱ्या बाईंना तिने दोनदा टोचलं होतं, तरी नस हाती लागली नव्हती. शेवटी दुसऱ्या मुलीला बोलवावं लागलं. बाई जाताना तिला म्हणाल्या होत्या, "पोरी, तुझा हात कापतोय, घरी जाऊन झोप."

"घरी जाऊन झोप," ती परत म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हा मला हळूहळू बाकीच्या गोष्टींचा उलगडा झाला. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट ऑफिसर आहे. दर आठवड्याला पाळी बदलते. "पुढच्या आठवड्यात नाईट आहे ना तुमची?" असं ती दर रविवारी विचारायची, आणि मला वाटायचं, माझ्या जागरणाची तिला काळजी आहे. मी तिला समजवायचो की अगं, सवय झाली आता. प्रत्यक्षात माझी रात्रपाळी हीच तिची झोप होती. बाकीचे आठवडे ती तशीच काढत होती, आणि इतकी वर्षं बोलली नव्हती.

त्या आठवड्यात तिने आपली गादी स्वयंपाकघरात नेली. आमच्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधे भिंत आहे, पण दार नाही, पडदा आहे. पडद्याने आवाज काय अडणार? तिला ते माहीत होतं. पण काहीतरी केल्याशिवाय राहवेना म्हणून तिने ते केलं असावं. सकाळी मी पाणी प्यायला जायचो, तेव्हा ती ओट्याखालच्या जागेत पाय पोटाशी घेऊन पडलेली असायची आणि तिचे डोळे उघडे असायचे.

उपाय सुरू झाले. माझी आई पाम गावी आमच्या जुन्या घरी राहते. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "जंत असतील. लहान पोरांना व्हतात, मोठ्यांना नाय व्हत असं कुनी सांगितलं?" तिने वावडिंगाची पूड पाठवली. ती खाल्ली. मग तिने बायकोला बोलावून घेऊन कानात आणखी एक उपाय सांगितला, की हा दात खायला लागला की चिमूटभर माती तोंडात घाल, एकदा चव कळली की बंद करतो. बायको घरी येऊन मला म्हणाली, "कुंडीतली चालेल का, की पामहून आणू?" त्या दिवसांत आम्ही हसलो असू तर तेवढंच.

बोईसरच्या दातांच्या डॉक्टरांनी रात्री घालायला प्लॅस्टिकचा एक साचा करून दिला. त्याने दात झिजणं थांबतं, आवाजही कमी होतो. काही महिन्यांत मी तो साचा दाढेपाशी चावून आरपार फोडला. दुसरा, जाड केला. तोही गेला. डॉक्टरांनी तो फुटका तुकडा उजेडात धरून पाहिला आणि माझ्या गालाला दोन्ही बाजूंनी हात लावला. म्हणाले, "तुम्ही जबड्याचे पैलवान आहात. हे माझ्या हातचं नाही." त्यांनी मला पालघरच्या जबड्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

या डॉक्टर म्हणजे एक मध्यमवयीन बाई होत्या. कमी बोलणाऱ्या. बायको माझ्यासोबत आली होती. तिची लॅब तिथून जवळच, त्यामुळे ती ड्यूटीच्या कपड्यांतच होती. डॉक्टरांनी माझ्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली.

"दात एकमेकांवर दाबा."

मी दाबले.

"सोडा."

"सोडलेत."

"नाही सोडलेत."

मला वाटत होतं की सोडलेत. त्यांनी माझी हनुवटी धरून हलवायचा प्रयत्न केला, ती हलली नाही. मग त्या म्हणाल्या की जेवणाची वेळ सोडली तर माणसाचे वरचे-खालचे दात एकमेकांना लागायलाच नको असतात. ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची विश्रांती. हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, आमच्या घरातला पहिला पदवीधर, पण माझे दात दिवसभर एकमेकांवर ठेवलेले असतात आणि तसे ते सगळ्यांचेच असतात, असं मी धरून चाललो होतो.

"दिवसा कधी मुद्दाम दाबता का? ओझं उचलताना? राग आला की?"

"राग येत नाही मला," मी म्हणालो.

"खरंच येत नाही," बायको म्हणाली. "आला असता तर एकवेळ बरं झालं असतं."

मग मी सहज म्हणून गेलो, "मास्क घालताना दाबतो. पण ते आमच्याकडे सगळेच दाबतात."

डॉक्टरांनी बोटं काढली. "म्हणजे कसं?"

मी सांगितलं. आमच्या प्लँटमध्ये सॉल्व्हंट चढवताना, म्हणजे रिअॅक्टरमध्ये ओतताना, पूर्ण चेहऱ्याचा मास्क घालावा लागतो. कपाळापासून हनुवटीखालपर्यंत रबराची कड, बाजूंना फिल्टर. तो नीट बसतो की नाही याची वर्षातून एकदा परीक्षा होते. पिकलेल्या केळ्यासारखा वास येणारं एक तेल असतं. सेफ्टी ऑफिसर त्यात कापूस बुडवून मास्कच्या कडेने फिरवतात आणि विचारतात, केळं येतंय का? येत नसेल तर मास्क बसला. येत असेल तर मास्क गळतोय, आणि तसा माणूस प्लँटवर जाऊ शकत नाही. मी नवीन लागलो तेव्हा माझा मास्क जबड्याच्या कोपऱ्यापाशी थोडा सैल होता. एका जुन्या ऑपरेटरने पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला, दात दाबून धर, गाल फुगतो, रबर चिकटतं. तसं केलं आणि खरंच वास गेला. तेव्हापासून परीक्षेतच नाही, मास्क चेहऱ्यावर असेपर्यंत मी दात दाबून असतो. पुढे माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला कुणी ना कुणी हेच शिकवत आलं. आमच्याकडे ते मास्क घालण्याच्या पद्धतीतच धरलं जातं.

"तुम्ही मोठा मास्क घालून मधली जागा स्नायूने भरताय," डॉक्टर म्हणाल्या. "लहान मापाचा का नाही मागितला?"

याचं उत्तर त्या खोलीत सांगण्यासारखं नव्हतं. इथे देतो. माझे वडील याच वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली पावडरची पोती उचलायचे. तोंडाला रुमाल बांधायचे. ओला केला की बरा पडतो, असं सांगायचे. संध्याकाळी तो रुमाल आई वेगळ्या बादलीत धुवायची, कारण पाण्याचा रंग रोज निराळा यायचा. पालघरच्या कॉलेजातून पदवी घेऊन मी त्याच वसाहतीत ऑफिसर म्हणून लागलो आणि मला माझं नाव चिकटवलेला, फक्त माझ्यासाठी ठेवलेला मास्क मिळाला, तेव्हा मी त्याचा फोटो काढून वडिलांना दाखवला होता. त्यांनी तो फोटो खूप वेळ हातात धरला होता. एवढं मिळाल्यावर, हा मला जरा मोठा होतोय, असं मी कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगणार होतो? वडील आता नाहीत. मी त्या मास्कचे उपकार मानत होतो, आणि अजूनही काही अंशी मानतो.

डॉक्टरांनी माझ्या गालांवर पेन्सिलीने ठिपके काढले. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवायला जे इंजेक्शन देतात तेच हे, स्नायू सैल करणारं. ते जबड्याच्या स्नायूत दिलं की स्नायू पूर्वीच्या ताकदीने आवळत नाही, झोपेतही नाही. त्यांनी हेही सांगितलं की याने दात खाण्याची सवय मुळातून जाईलच असं नाही, पण तिचा जोर जाईल. काही महिने असर राहतो, मग पुन्हा बघावं लागतं. चावताना थकवा येईल. वापर कमी झाल्याने गालाचा फुगीर भाग उतरेल, चेहरा निमुळता दिसेल.

"म्हणजे फुकटात हिरो," बायको म्हणाली.

"आणि मास्कचं बघून घ्या," डॉक्टर म्हणाल्या.

मी हो हो केलं. त्या क्षणी माझं लक्ष सुईकडे होतं. टोचताना बायको खुर्चीच्या मागे उभी होती, पण माझ्याकडे नाही, डॉक्टरांच्या बोटांकडे बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "हात चांगला आहे बाईंचा." तिच्याकडून याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही. मला काही तास आडवं व्हायची आणि गाल चोळायची मनाई होती, म्हणून आम्ही पालघरच्या बाजारात उगाच फिरलो, आणि ती दुकानाच्या काचेत माझा चेहरा बघून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अजून तरी तुम्हीच आहात."

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. नंतर एका सकाळी मी पहिल्या पाळीला निघायच्या तयारीत होतो आणि माझ्या लक्षात आलं की बायको अजून उठलेली नाही. तिची शटल केव्हाच गेली होती. पडदा सरकवून पाहिलं तर ती ओट्याखाली गाढ झोपली होती. तोंड उघडं, एक हात लांब फेकलेला. मी तिला उठवावं की नको या विचारात तिथेच उभा राहिलो आणि माझी कंपनीची बस चुकली. ती जागी झाली तेव्हा घड्याळ बघून आधी किंचाळली, मग मला तिथे उभा बघून म्हणाली, "तुम्ही का थांबलात?" लॅबमध्ये तिने उशीर का झाला याचं कारण झोप लागली असं सांगितलं, आणि त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

त्या रविवारी गादी परत खोलीत आली.

मग आम्ही पामला गेलो. आईने चिंबोऱ्या केल्या होत्या. आमच्या घरात चिंबोरीच्या नांग्या फोडण्याचं काम लहानपणापासून माझं. सगळ्यांच्या ताटातल्या नांग्या माझ्याकडे यायच्या आणि मी दाढेत धरून कडकन फोडून परत द्यायचो. आईने सवयीने मोठी नांगी माझ्या हातात दिली. मी दाढेखाली धरली. काही झालं नाही. पुन्हा धरली. जबडा ओल्या कापडासारखा लुळा पडला.

"सुईने दात बोथट केले की काय तुझे?" आई म्हणाली.

"दात तेच आहेत, आये. जोर काढलाय."

"पैशे देऊन जोर काढतात? आमी जोर यावा म्हणून खातो." ती उठली आणि आतून वरवंटा घेऊन आली. सगळ्यांच्या नांग्या तिने फरशीवर ठेवून वरवंट्याने फोडल्या. माझ्या ताटात गर काढून वाढताना तिने सुनेकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला झोप लागते ना गं बाय?"

"लागते."

"मग बरं हाय," आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "पन सुकलास मात्र."

खरंच सुकलो होतो. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत गाल उतरले. आरशात मला कॉलेजच्या ओळखपत्रावरचा मुलगा दिसायला लागला, फक्त केस पिकलेला. प्लँटवर थट्टा सुरू झाली. माझ्या पाळीत वयाने मोठा एक ऑपरेटर आहे, उत्तर प्रदेशचा, माझ्यापेक्षा आधीपासून कंपनीत. तो चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, दूसरी शादी का इरादा है क्या? भाभी को पता है?" मी म्हणालो, भाभीनेच चेहरा बदलून घेतलाय. सगळे हसले. डॉक्टरांचं ते मास्कचं वाक्य तेव्हाही मला आठवलं नव्हतं.

ते आठवलं एका दुपारी. दुसरी पाळी होती, सॉल्व्हंट चढवणं चालू होतं आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो. मास्कच्या आत एक गोडसर, डोक्यात जाणारा वास आला. मी नेहमीप्रमाणे दात दाबले. दात लागले, पण गाल फुगला नाही. तिथे फुगायला काही उरलंच नव्हतं. वास येतच राहिला. मी बाजूला गेलो, मागचे पट्टे आवळले, इतके की कानामागे वळ उठले. वास कमी झाला, गेला नाही. पाळी संपेपर्यंत मी होईल तेवढा लांब उभा राहिलो.

त्यानंतर पट्टे आवळणं हेच चालू झालं. डोकं दुखायचं. बायको विचारायची, परत सुरू झालं का, दात दुखतायत का? मी म्हणायचो, ऊन लागलं असेल. मी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर ती एकच गोष्ट म्हणाली असती आणि ती मला ऐकायची नव्हती. मास्क बसत नाही हे कंपनीत सांगायचं म्हणजे प्लँटवरून उतरायचं. ज्याचा मास्क बसत नाही त्याला आमच्याकडे पॅकिंगच्या गोडाऊनला पाठवतात, आणि तिथून परत आलेलं कुणी मी पाहिलं नव्हतं. शिवाय दुसरा एक सोपा मार्ग होता. इंजेक्शनचा असर ओसरत आला होता. पुढचं घेतलंच नाही तर स्नायू पुन्हा भरेल, गाल भरतील, मास्क बसेल. कुणाला काही सांगावं लागणार नाही. मी जसा होतो तसा होईन.

एका संध्याकाळी मी तिला म्हणालो, "एकदा घेतलं तेवढं पुरे. परत नको वाटतं."

ती भाजी निवडत होती. "बरं," म्हणाली. का, एवढंही विचारलं नाही. मी वाद घालायची तयारी करून बसलो होतो, ती तयारी तशीच राहिली.

रविवारी ती दुपारभर गच्चीवर होती. मी चहासाठी हाक मारायला वर गेलो तर तिने मागे स्वयंपाकघरात नेलेल्या गादीची खोळ धुऊन वाळत घातली होती आणि कापूस उन्हात टाकून काठीने हळूहळू झोडपत होती. तिने मला पाहिलं. "ओट्याखाली ओल धरते," म्हणाली, "आधीच करून ठेवलेलं बरं." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. पावसाळ्याआधी छपराची डागडुजी करावी तसं ती एक काम उरकत होती. मी तिच्या हाताकडे पाहिलं. काठी धरलेला हात अगदी स्थिर होता. गेले काही महिने लॅबमध्ये तिला पुन्हा अवघड नसांसाठी हाका मारत होते, हे ती मला रोज सांगत होती आणि मी रोज ऐकत होतो.

मास्कची परीक्षा त्याच आठवड्यात लागली. पहिली पाळी सुटायच्या आधी आम्हाला सगळ्यांना कँटीनच्या मागच्या शेडमध्ये उभं केलं. सेफ्टी ऑफिसर माझ्याहून वयाने लहान, स्वभावाने चांगला माणूस. त्यालाही माहीत आहे की सगळे दात दाबतात. त्यालाही माहीत आहे की म्हणून परीक्षेत सहसा कुणी नापास होत नाही. कापूस फिरवायचा, "केळं?" विचारायचं, समोरच्याने नाही अशी मान हलवायची, पुढचा. रांग भराभर सरकते आणि लोकांना बस मिळते.

माझी पाळी आली. तो कापूस कपाळाकडून आणत जबड्यापर्यंत आला आणि केळं आलं. थोडं नाही. हातगाडीवर काळी पडलेली केळी असतात, तसं नाकात, घशात भरून आलं.

"केळं?" त्याने विचारलं, आणि तो पुढच्या माणसाकडे वळलाही होता.

"येतंय," मी म्हणालो.

मास्कमधून आवाज दबका येतो. त्याला वाटलं मी नाही म्हणालो. मी मास्क काढला आणि परत म्हणालो, "येतंय. खूप येतंय."

"सर, मस्करी नको, बस उभी आहे."

"मस्करी नाही. दात दाबून बघितले, तरी येतंय. आता पूर्वीसारखे दाबताच येत नाहीत." मग मी त्याला सगळं सांगितलं, इंजेक्शनचं, गाल उतरल्याचं, दुसऱ्या पाळीत वास आल्याचं. शेडमध्ये सगळे ऐकत होते. मला लाज वाटत होती. इतक्या लोकांसमोर मी झोपेत दात खातो हे सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

माझ्या मागे तो मोठा ऑपरेटर उभा होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "सर, केला तो हमको भी आता है. हम बोलते थोड़ी हैं."

सेफ्टी ऑफिसरने ते ऐकलं. त्याने बाटलीला बूच लावलं, पुन्हा काढलं. मग त्याने ऑपरेटरला मास्क घालायला लावून सांगितलं, "आता एकपासून मोजा. मोठ्याने." ऑपरेटर मोजायला लागला, पण दात न उघडता. मास्कमधून नुसतं गुरगुरल्यासारखं यायला लागलं. रांगेतला एकजण म्हणाला, "चाचा, गिनती है कि गाली?" आणि शेड हसण्याने भरली. ऑपरेटरही हसला, तसा त्याचा जबडा सुटला, आणि हसता हसताच त्याने मान वर-खाली हलवली. आलं होतं.

बस त्या दिवशी उशिरा सुटली. बसमध्ये माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. मला फार थकवा आला होता, अंग मोडून काम केल्यावर येतो तसा.

लहान मापाचे मास्क मागवायचं ठरलं. ते यायला वेळ लागतो असं सांगितलं. तोपर्यंत मी आणि आणखी काहीजण गोडाऊनला जनरल शिफ्टमध्ये. मोठा ऑपरेटर पिंपांवर लेबलं लावतो आणि येता-जाता मला म्हणतो, "देखिए सर, सच बोलने का फल. केला." कधी तो हे गमतीने म्हणतो, कधी नाही. पाळीचा भत्ता बंद झाला आहे आणि त्याच्या घरी खाणारी माणसं जास्त आहेत, त्यामुळे मी उत्तर देत नाही. दर सोमवारी सेफ्टी ऑफिसरकडे जाऊन मास्कचं विचारतो. पूर्वी मी कुठलीच गोष्ट कुणाला दोनदा विचारत नसे.

बायकोला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. मग तिने विचारलं, "त्या वासात किती दिवस उभे राहिलात?" मी सांगितलं. तिने माझा हात ओढून घेतला आणि कोपराच्या आतल्या बाजूला अंगठ्याने नस चाचपली, जणू ती तिथे आहे की नाही याची खात्री करत होती. "उद्या उपाशीपोटी या," म्हणाली, "लिव्हरची तपासणी करू." आणि डॉक्टरांची पुढची वेळ तिने मला न विचारता घेऊन टाकली.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी माझ्या गालांवर बोटं ठेवून म्हटलं, "दात दाबा. सोडा." मी सोडले. त्यांनी हनुवटी हलवून पाहिली. "आता सोडलेत," त्या म्हणाल्या.

तपासणी ठीक आली. मास्क अजून आलेले नाहीत. जनरल शिफ्ट असल्यामुळे मी रोज रात्री घरी असतो, आणि बायको रोज खोलीतच झोपते. ओट्याखाली जिथे तिची गादी असायची तिथे परवा तिने तांदळाचा डबा ढकलून ठेवला. तो मोठा, आईने पामहून भरून पाठवलेला. एकटीने हलेना, म्हणून मला हाक मारली. आम्ही दोघांनी मिळून तो आत सरकवला.

"पक्का बसला?" मी विचारलं.

तिने डबा एकदा हलवून पाहिला. तो हलला नाही. मग ती पडदा बाजूला करून खोलीत गेली आणि सकाळच्या शटलसाठी डबा-पिशवी भरायला लागली.